ठोंब आणि घड

पहाटे ६:००
फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, तोडणीचे दिवस. आमची द्राक्षबाग उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या शिवारात. तांबडं फुटलं की ओळी फिरायला लागतो. घडाच्या वरच्या मण्यावर भरवसा ठेवायचा नाही. शेंडा सगळ्यात शेवटी गोड होतो, म्हणून शेंड्याचा मणी रिफ्रॅक्टोमीटरवर पिळतो. सोनाका वाणाच्या आठ ओळींत गोडीचा आकडा १८च्या पुढे गेलाय. आज ह्याच तोडायच्या.

सकाळी ७:००
बायका आल्या. घड देठाला धरून कापायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावर पिठासारखा पांढरा थर असतो, त्याला आम्ही लस्टर म्हणतो. बोट फिरलं की तिथं डाग दिसतो आणि व्यापारी नेमका तो घड बाजूला काढतो.
"दादा, ह्यात दोन मणी तडकलेत बघा," मावशी हाक मारतात. बारीक कात्रीनं तेवढे दोन काढले. राहिले असते तर रस गळून शेजारचे मणी कुजले असते.

सकाळी १०:३०
ऊन चढलं, तोडणी थांबवली. तापलेला घड पेटीत भरला की देठ लवकर वाळून तपकिरी पडतो. भरलेले क्रेट शेडच्या सावलीत. निवडणं, वजन, पेट्या भरणं. दोन तास मान वर होत नाही.

दुपारी १:००
लिंबाखाली ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. गप्पा वाणांच्या. मूळ थॉमसन सीडलेस अमेरिकेचं नाव घेऊन आलं, पण त्यातून सोनाका निवडली ती आमच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. काळी शरद सीडलेसही त्यांचीच. तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश निवडलं, तेही थॉमसनमधूनच. बागेत एखादी काडी अचानक वेगळा घड देते; मणी लांब, रंग निराळा. ती नजरेनं टिपायची, तिच्या काड्यांचे डोळे भरून वेल वाढवायचे आणि वर्षानुवर्षं तपासायचं. प्रयोगशाळा नसलेल्या शेतकऱ्यांनी हे केलं.

दुपारी ३:३०
गंजीतलं वाळलं गवत काढून नव्या वेलींच्या बुडाशी पसरतो. हे आमच्या बांधावरचं मारवेल आणि पवन्या. दोन्ही ठोंबानं वाढणारी. हरळीसारखी बागेत पळत येत नाहीत. गवत अंथरलेल्या ओळीत हात घातला की माती गार लागते. उघड्या ओळीत तीच माती भाजते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, पाणी तोलून सोडायच्या दिवसांत, हा फरक वेलीला कळतो.

संध्याकाळी ५:४५
बांधापलीकडे माळढोक अभयारण्याचा माळ. पुतणीच्या मोज्याला कुसळी गवताची कुसळं चिकटली होती. त्यातलं एक तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाकायला सांगितलं. पीळ घातलेलं शेपूट हळूहळू उलगडत गोल फिरू लागलं. "काका, हे जिवंत आहे!" ती ओरडली. पावसानं भिजतं, उन्हानं वाळतं, तसतसं कुसळ वळत जातं आणि टोकाचं बी मातीत रुततं. पेरणारा कुणी लागत नाही.
गुरं चरून गेली तरी ठोंब मरत नाही, कारण त्याचा फुटवा बुडाशी असतो. दोन ठोंबांमधल्या मोकळ्या जागेत चंडोल पळतात, आणि माळढोक आपलं एकच अंडं उघड्या जमिनीवर घालतो. त्याच्यासाठी १९७९ साली इथं अभयारण्य झालं. आता तो क्वचितच दिसतो.

रात्री ८:००
पेट्यांचा हिशोब लिहिला. उद्याच्या ओळींवर फिती बांधून झाल्या.
गावात ह्या माळाला अजून ‘पडीक’ म्हणतात. म्हणतानाच त्यावर मुरुम उपसण्याची, प्लॉट पाडण्याची भाषा सुरू होते. हजार वेलींतली एक वेगळी काडी ओळखणारी नजर ह्याच गावची आहे. ती माळाकडेही वळवा. मारवेल, पवन्या, कुसळी ही तीन गवतं मुलांना ठोंब धरून दाखवा. ज्या जमिनीवरची गवतं आपल्याला नावानं माहीत आहेत, तिला पडीक म्हणायला जीभ रेटणार नाही.