शिंपल्याची रचना आणि हलके, चिवट पदार्थ

काठिण्य आणि चिवटपणा हे दोन गुण एकाच पदार्थात सहसा नांदत नाहीत. काच कठीण असते, पण तडा जाताच फुटते. पोलादात दोन्ही गुण आहेत, परंतु ते जड असते. वाहन जितके जड, तितके इंधन अधिक. गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या भारताला या वजनाची किंमत परकीय चलनात मोजावी लागते.

या पेचाचे एक उत्तर शिंपल्यात सापडते. मोत्याच्या शिंपल्याचे चमकदार अस्तर सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्या जातीच्या ठिसूळ खनिजाचे असते. उरलेला भाग मुख्यतः प्रथिनांसारख्या सेंद्रिय द्रव्यांचा. मात्र जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या खनिज-चकत्या येथे विटांसारख्या रचलेल्या असतात आणि सेंद्रिय द्रव्य त्यांना चुन्यासारखे सांधते. त्यामुळे तडा सरळ धावू शकत नाही. थराथराला त्याला वळावे लागते, चकत्या किंचित सरकतात आणि आघाताची ऊर्जा त्यातच खर्ची पडते.

गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी बसवलेले पातळ, अर्धपारदर्शक शिंपले याच तत्त्वाचे उदाहरण होत. त्यांत खनिजाचे प्रमाण सुमारे ९९ टक्के असूनही आघाताची हानी लहानशा जागेपुरतीच सीमित राहते, असे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

ही रचना कृत्रिमरीत्या घडवण्याची एक पद्धत अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००६ मध्ये मांडली. सिरॅमिकची पूड पाण्यात कालवून एका दिशेने गोठवली, की बर्फाचे पातळ पापुद्रे वाढतात आणि पूड त्यांच्यामध्ये थरांनी साचते. मग बर्फ काढून टाकून सांगाडा भाजतात व पोकळ्यांत बहुवारिक भरतात. २००८ मध्ये ॲल्युमिना व ॲक्रिलिक यांपासून अशा रीतीने केलेला पदार्थ ऊर्जेच्या मापाने घटकद्रव्यांच्या ३०० पटींहून अधिक चिवट ठरला.

अर्थात, प्रयोगशाळेतील नमुना म्हणजे कारखान्यातील उत्पादन नव्हे. मोठे, एकसारखे तुकडे किफायतशीरपणे बनवणे हे खरे आव्हान आहे. तरीही येथे मोल दुर्मीळ कच्च्या मालाला नसून रचनेच्या ज्ञानाला आहे. ॲल्युमिना ज्यापासून मिळते, त्या बॉक्साइटचे मोठे साठे भारतात आहेत. त्या साठ्यांचे मूल्य किती वाढेल, हे खाणींपेक्षा प्रयोगशाळा व उद्योग यांच्या सहकार्यावर अवलंबून राहील.