रिपोर्टवरचा शब्द कोणाचा? माणसाचा की जंतूचा?

आम्ही शिवडीच्या बायका. महापालिकेचं क्षयरोग रुग्णालय आमच्या वस्तीजवळच आहे. गावाहून पाहुणे उपचाराला आले की रिपोर्ट आमच्यापुढे धरतात, "बघ गं, काय लिहिलंय?" त्यावरचे इंग्रजी शब्द फसवे असतात. म्हणून आज त्यांच्या जोड्या समजून घेऊ.

पहिली जोडी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. 'पॉझिटिव्ह विचार करा' असं आपण ऐकतो, म्हणून तो शब्द चांगला वाटतो. थुंकीच्या तपासणीत मात्र पॉझिटिव्ह म्हणजे जंतू सापडले, निगेटिव्ह म्हणजे सापडले नाहीत. निगेटिव्ह येऊनही खोकला, ताप थांबत नसेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचंच.

दुसरी जोडी सेन्सिटिव्ह आणि रेझिस्टंट. सेन्सिटिव्ह म्हणजे नाजूक, हळवं. रेझिस्टन्स म्हणजे प्रतिकारशक्ती, ती तर आपल्याला हवीच! म्हणून पहिला शब्द वाचून बाई घाबरते, दुसरा वाचून खूश होते. इथे नेमकं उलट आहे, कारण हे वर्णन आपलं नाही, जंतूचं आहे. सेन्सिटिव्ह जंतू औषधाने मरतो. रेझिस्टंट जंतू त्या औषधाला दाद देत नाही, मग दुसरी औषधं द्यावी लागतात. 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' असं लिहिलं असेल तर 'नॉट' बघून घाबरू नका. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध. त्याला दाद न देणारे जंतू आढळले नाहीत, असा त्याचा अर्थ. म्हणजे बातमी चांगली.

आता निगेटिव्ह आणि क्युअर्ड. हे दोन शब्द सारखे वाटतात, पण सारखे नाहीत. दोन महिन्यांत थुंकी निगेटिव्ह येते, खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं. बाई म्हणते, "बरी झाले," आणि गोळ्या सोडून कामाला लागते. पण काही जंतू आत शिल्लक असतात. औषधाने बरा होणाऱ्या नेहमीच्या टीबीलाही साधारण 6 महिने गोळ्या लागतात. मध्येच सोडल्या तर सेन्सिटिव्ह जंतूचा रेझिस्टंट होऊ शकतो, आणि तोच घरातल्या लेकराबाळांनाही लागू शकतो. क्युअर्ड, म्हणजे पूर्ण बरी, हे कोर्स संपल्यावर डॉक्टरांनीच सांगायचं.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की न लाजता विचारा: हा शब्द माझा की जंतूचा? कोणत्या औषधाबद्दल आहे? गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्या? गटाच्या पुढच्या बैठकीत या जोड्या एकमेकींना म्हणून दाखवा.