मेंदूची पेढी

रक्तपेढी आणि नेत्रपेढी तुम्हांस ठाऊक आहेतच. पण मेंदूची पेढी? येथील मेंदू कोणाला बसवीत नाहीत. तो अभ्यासासाठी जपून ठेवतात.

कंपवाताच्या रुग्णाचे हात थरथरतात. १९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांना असे आढळले, की मेंदूत खोलवर बारीक तार बसवून सेकंदाला शंभराहून अधिक विद्युत्-स्पंद दिले, तर कंप थांबतो. आज हा उपचार जगभर होतो.

पण वर्षानुवर्षे वीज मिळाल्यावर तारेभोवतीच्या पेशींचे काय होते? जिवंत मेंदूच्या छायाचित्रांत एकेक पेशी दिसत नाही. त्यासाठी मृत्यूनंतर मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. एकेका रुग्णालयाला असे मेंदू फार थोडे मिळतात. म्हणून अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने ते एकत्र जमविणारी पेढी उभारली. २०१४ साली तेथील संशोधकांना, उपचार घेतलेल्या मेंदूंत विभाजन पावणाऱ्या आद्यपेशी अधिक आढळल्या.

दात्याला स्वतःला यातून काहीच मिळत नाही. तरीही, विजेने स्थिर झालेल्या हातानेच तो दानपत्रावर सही करतो, पुढच्या रुग्णासाठी!