कानाकडे कानाडोळा नको!

चष्मा लागला की आपण लगेच दुकान गाठतो. दात दुखला की डॉक्टरकडे धाव घेतो. पण ऐकू येईनासं झालं की...? ‘वय झालं आता’, ‘तिचं लक्षच नसतं’, ‘सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं’ अशी वाक्यं घराघरांत सहज ऐकायला मिळतात. ती ज्या बाईबद्दल बोलली जातात, तिला मात्र ती ऐकू येत नाहीत!

घरातल्या पुरुषाला कमी ऐकू यायला लागलं तर त्याच्या कामाची काळजी वाटते. सासूबाईंना कमी ऐकू यायला लागलं तर आवाज चढवून काम भागवलं जातं. आणि मुलगी लहान असेल, तर ‘उद्या लग्नाला अडचण नको’ म्हणून गोष्ट झाकून ठेवली जाते. त्यात यंत्राची किंमत! साधं यंत्र काही हजारांत मिळतं, चांगलं डिजिटल यंत्र एका कानासाठीच लाखाच्या घरात जाऊ शकतं. भाताच्या खाचरावर आणि दोन-चार म्हशींवर घर चालवणाऱ्या मुळशीतल्या बाईने एवढे पैसे आणायचे कुठून?

मैत्रिणींनो, खरं तर यासाठी सरकारी मदत आहे. अडतं ते माहितीपाशी आणि कागदांपाशी.

आधी तपासणी, मग यंत्र

पहिली पायरी म्हणजे कानाची तपासणी. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे आधी दाखवावं. मळ साचलेला असेल, कान फुटत असेल, तर औषधानेही फरक पडतो. तसं नसेल तर ‘ऑडिओग्राम’ काढावा लागतो. किती डेसिबलपर्यंत ऐकू येत नाही, ते त्यावरून कळतं. तान्ह्या बाळाची ‘बेरा’ तपासणी होते. बाळ झोपलेलं असतानाच ती करतात, त्याला काही दुखत नाही.

अपंगत्वाचा दाखला मिळवायचा तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनला जावं लागतं. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबल इतका दोष असेल तर ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ म्हणतात, आणि ७० किंवा त्याहून जास्त असेल तर ‘कर्णबधिर’. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. म्हणजे एक कान गेला, पण दुसरा चांगला आहे, अशांना हा दाखला सहसा मिळत नाही. हे आधीच माहीत असलं की पुढचे हेलपाटे वाचतात. ताम्हिणीच्या बाजूच्या एखाद्या वाडीवरून औंधला जाऊन यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. म्हणून आधार, रेशनकार्ड, फोटो आणि आधीचे रिपोर्ट एकाच पिशवीत घालून निघावं.

मदत कुठून?

केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून सुरू आहे. २०२२ च्या सुधारणेनुसार महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर यंत्र पूर्ण मोफत, आणि त्यापुढे ३० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. मूल असेल तर आईवडिलांचं उत्पन्न धरतात. एकदा यंत्र घेतलं की साधारण तीन वर्षं पुन्हा मागता येत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र वर्षाने मागता येतं. या योजनेची शिबिरं ‘अलिम्को’ ही कानपूरची सरकारी कंपनी घेते. पहिल्या शिबिरात तपासणी आणि नोंदणी होते, वाटप नंतर. नोंदणीची पावती जपून ठेवावी. पावती हरवल्यावर वाटपाच्या दिवशी रडून काय उपयोग?

साठी ओलांडलेल्यांसाठी २०१७ ची ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ आहे. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, कवळी यांच्याबरोबर श्रवणयंत्रही मोफत मिळतं. शक्यतो ३० टक्के लाभार्थी स्त्रिया असाव्यात, असं योजनेतच लिहिलं आहे. म्हणजे तो आपला हक्कच आहे! राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ आणली. ६५ वर्षांवरच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात एकरकमी ३,००० रुपये जमा करण्याची ही योजना. तेवढ्यात चांगलं डिजिटल यंत्र येत नाही, हे खरं. पण बॅटरी, साचा यांना हातभार लागतो.

गावातल्या गावातही एक दार आहे. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हिंजवडी, पिरंगुटसारख्या भागांत कारखाने आणि कंपन्यांमुळे पंचायतीकडे कर येतो. ‘आमच्या पंचायतीचा हा निधी कुठे खर्च झाला?’ हे ग्रामसभेत उठून विचारायला बाईने का लाजावं? बचत गटाने एकत्र जाऊन विचारलं, तर उत्तर द्यावंच लागतं.

पिरंगुटच्या कारखान्यात प्रेस, ग्राइंडिंगच्या आवाजात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आवाजामुळे येणारा बहिरेपणा ‘ईएसआय’ कायद्यात व्यवसायजन्य आजार मानला आहे. कार्ड असेल तर ईएसआयच्या दवाखान्यात तक्रार नोंदवून घ्या. नवऱ्याला घरी टीव्ही मोठ्याने लागायला लागला, की भांडण्याआधी त्याचे कान तपासा!

बाळाच्या बाबतीत घाई हवी

मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तेव्हा ‘याचा बापही उशिरा बोलला’ असं म्हणून थांबू नका. भाषा शिकण्याची खरी वर्षं पहिली तीन-चारच असतात. २०१३ पासूनच्या ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’त अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते, आणि जन्मजात बहिरेपणा त्या यादीत आहे. अंगणवाडीताईंना, आशाताईंना शंका सांगा. यंत्राने भागत नसेल अशा लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटला एडिपमधूनही मदत आहे, पण तिथे वयाची अट असते. लपवण्यात गेलेलं एक वर्ष परत मिळत नाही.

यंत्र मिळालं, पुढे?

मोफत मिळालेली कितीतरी यंत्रं फडताळात पडून असतात. कारणं साधीच. बॅटरी संपली, कानात टोचतं, शिट्टी वाजते. छोटी बॅटरी एक-दोन आठवडेच टिकते, त्यामुळे तिचा खर्च महिन्याच्या किराण्यातच धरावा. रात्री यंत्र बंद करून बॅटरीचं झाकण उघडं ठेवावं. शिट्टी वाजते ती बहुधा साचा नीट न बसल्यामुळे. लहान मुलांचा कान वाढतो, म्हणून साचा बदलत राहावा लागतो. आणि आपल्या मुळशीचा पाऊस! चार महिने सगळं घर ओलं. यंत्र रात्री सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डबीत ठेवावं, चुलीजवळ वाळवायला नव्हे. वयोश्रीच्या यंत्रांची पहिल्या वर्षाची देखभाल अलिम्को मोफत करते, ती मागून घ्या.

बाजारात तपासणीशिवाय मिळणारी स्वस्त यंत्रं मात्र टाळा. ती सगळेच आवाज सारखे वाढवतात. भांड्यांचा खणखणाट वाढतो, बोलणं मात्र तसंच अस्पष्ट राहतं, आणि म्हातारी दोन दिवसांत यंत्र काढून ठेवते.

पहिले काही आठवडे सगळंच कर्कश वाटतं. रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत, मग चार माणसांत, अशी सवय करावी लागते. आणि घरच्यांनीही ओरडणं सोडून समोर येऊन सावकाश बोलायला हवं. कुठल्याच योजनेत न मिळणारी ही मदत आहे. ती मात्र आपल्यालाच द्यायची आहे.