३८४ केबीत अख्खी लीग कशी बसवली? 'टेक्मो सुपर बोल'ची गोष्ट

आत्ता गॅलरीत जाऊन फोनने काढलेला एखादा फोटो उघडा आणि त्याची साईझ बघा. बहुतेक तीन-चार एमबी तरी असेल. आता हे वाचा. १९९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एक फुटबॉल गेम आला. त्यात २८ टीम, ८४० खेळाडू, प्रत्येक टीमच्या १६ सामन्यांचा पूर्ण सीझन, खेळाडूंची आकडेवारी, दुखापती, संगीत, कार्टूनसारखे छोटे सीन, असं सगळं होतं. आणि हा आख्खा गेम होता फक्त ३८४ केबीचा! म्हणजे तुमच्या एका फोटोत असे आठ-दहा गेम बसतील.

गेमचं नाव 'टेक्मो सुपर बोल'. बनवणारी कंपनी जपानची टेक्मो, आणि गेम चालायचा निन्टेन्डोच्या एनईएस या घरगुती कन्सोलवर. हे मशीन तुम्ही किंवा तुमच्या मोठ्या भावाने वेगळ्या रूपात पाहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे टीव्हीला जोडायचा स्वस्तातला व्हिडिओ गेम मिळायचा ना, कॉन्ट्रा आणि मारिओवाला, ज्यात 'कॅसेट' खोचायची? तो याच मशीनच्या जपानी भावंडाची नक्कल होता. त्यावर आपण फुटबॉल मात्र कधी खेळलो नाही, कारण हा खेळच आपला नाही.

म्हणून आधी दोन ओळीत खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. प्रत्येक बाजूला ११ जण. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या टीमला ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा ४ प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू घेऊन पळा किंवा क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूने तो पुढच्याकडे फेकावा, हे दोनच मुख्य मार्ग. एवढं कळलं की गेम खेळता येतो. मी स्वतः टीव्हीवर एकही पूर्ण सामना न बघता हा गेम खेळायला लागलो आणि नियम गेममधूनच शिकलो.

आठ चाली आणि एक अंदाज

खऱ्या फुटबॉलमध्ये प्रत्येक टीमकडे शेकडो ठरलेल्या चाली असतात. टेक्मोने एका वेळी फक्त ८ ठेवल्या: ४ पळण्याच्या, ४ फेकण्याच्या. (१९८९ साली एनईएसवर आलेल्या जुन्या 'टेक्मो बोल'मध्ये तर ४ च होत्या.) प्रत्येक वेळी आक्रमण करणारा आठातली एक चाल निवडतो. त्याच वेळी बचाव करणाराही त्याच आठातली एक निवडतो, म्हणजे समोरचा काय करणार याचा अंदाज बांधतो. अंदाज बरोबर आला तर बचावाचे खेळाडू भिंत फोडल्यासारखे आत घुसतात आणि समोरच्याची चाल बहुतेक वेळा तिथेच संपते.

माझ्या मते या गेमचा जीव इथेच आहे. डोळे मिटून बटण दाबलं तर अंदाज बरोबर येण्याची शक्यता आठात एक. पण डोळे मिटून कोण खेळतं? माझा मित्र लागोपाठ दोनदा पळालाय, तिसऱ्यांदा नक्की फेकणार, असा विचार मी करतो. मी असा विचार करतोय हे त्याला माहीत असतं, म्हणून तो परत पळतो. आणि दोघंही एकाच टीव्हीसमोर बसलेत हे विसरू नका. ऑनलाईन गेमसारखी प्रत्येकाची वेगळी स्क्रीन नाही. मग निवड लपणार कशी? टेक्मोने साधी युक्ती केली. स्क्रीनवर कर्सरच ठेवला नाही. आठही चाली समोर दिसतात आणि तुम्ही दिशा आणि बटण एकत्र दाबून आपली चाल निवडता. शेजारच्याने तुमच्या अंगठ्याकडे पाहिलं नाही तर त्याला काही कळत नाही. आणि पाहतातच हो! कंट्रोलर शर्टाखाली धरून खेळावं लागतं.

८४० माणसं, प्रत्येकी चार बाईट

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढे खेळाडू बसवले कसे?

प्रत्येक टीममध्ये ३० खेळाडू. २८ गुणिले ३०, झाले ८४०. प्रत्येकाला वेग, ताकद, धडक असे काही गुण दिलेले आहेत. पुढच्या रांगेत अडवणाऱ्याला चारच, क्वार्टरबॅकला सगळ्यात जास्त, म्हणजे आठ. हे गुण शंभरपैकी दिसतात, पण नीट बघितलं तर एक गंमत लक्षात येते. कोणालाही ७० किंवा ७२ मिळालेले दिसणार नाहीत. आकडे असे जातात: ६, १३, १९, २५, ३१, ३८... करत करत ६९, ७५, ८१, ८८, ९४, १००. मोजलं तर बरोबर १६ पायऱ्या.

१६ च का? कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात छोटं घर म्हणजे बिट, त्यात ० किंवा १. चार बिट घेतले की १६ वेगवेगळ्या किमती लिहिता येतात. एका बाईटमध्ये आठ बिट, म्हणजे एका बाईटमध्ये दोन गुण. आठ गुणवाला क्वार्टरबॅक सुद्धा चार बाईटमध्ये आटोपला. सगळेच तेवढे मोठे धरले तरी ८४० गुणिले ४ म्हणजे ३,३६० बाईट. साडेतीन केबीच्या आत अख्ख्या लीगची ताकद आणि कमजोरी! खरं तर माणसांचे गुण लिहायला लागतात त्याच्यापेक्षा जास्त जागा त्यांच्या नावांना लागते. एक नाव सरासरी १४ अक्षरांचं धरा, एका अक्षराला एक बाईट, की ११ केबीच्या वर हिशोब जातो.

आणि तरीही खेळताना प्रत्येक टीम वेगळी वाटते. त्यात भर म्हणून खेळाडूची 'तब्येत' बदलत राहते: कधी वाईट, कधी ठीक, कधी चांगली, कधी एकदम जोरात. कालचा हिरो आज मंद पळतो. चार बिटांतल्या माणसाला मूड सुद्धा आहे म्हणजे!

मशीनची मर्यादा मात्र दिसते. एनईएसचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, कामाची रॅम २ केबी. हलणारी चित्रं छोट्या तुकड्यांनी बनतात आणि स्क्रीनच्या एका आडव्या ओळीवर असे फक्त ८ तुकडे दाखवता येतात. मैदानात २२ जण. आठ-दहा जण एका ओळीत आले की जागा पुरत नाही, मग खेळाडू लुकलुकायला लागतात. आत्ता हा, पुढच्या क्षणी तो. कॅसेट खराब झाली असं वाटतं, पण ते जागा वाटून घेणं आहे.

'क्यूबी ईगल्स' नावाचा माणूस

आपल्याकडच्या बऱ्याच मोबाईल क्रिकेट गेममध्ये ओळखीच्या खेळाडूचं नाव दोन अक्षरं बदलून येतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. कारण लायसन्स. नाव आणि चेहरा वापरायचा तर पैसे आणि परवानगी लागते.

अमेरिकेत यासाठी दोन दरवाजे ठोठवावे लागतात. टीमची नावं आणि लोगो यांचे हक्क एनएफएल या लीगकडे, तर खेळाडूंची नावं वापरायची परवानगी खेळाडूंच्या संघटनेकडे. जुन्या 'टेक्मो बोल'कडे फक्त दुसरी होती, म्हणून त्यात खेळाडू खरे पण टीमच्या जागी नुसती शहरांची नावं. १९९१ च्या गेमने दोन्ही मिळवल्या. तरी तीन मोठे क्वार्टरबॅक सुटले. संघटनेच्या एकत्रित करारात नसल्यामुळे रँडल कनिंगहॅम, जिम केली आणि बर्नी कोसार यांची नावं वापरता आली नाहीत. मग गेममध्ये ते 'क्यूबी ईगल्स', 'क्यूबी बिल्स' आणि 'क्यूबी ब्राउन्स' झाले. क्यूबी म्हणजे क्वार्टरबॅक, पुढे टीमचं नाव. गुण मात्र खऱ्या माणसाचे! क्यूबी ईगल्स तर गेममधल्या सगळ्यात धोकादायक खेळाडूंपैकी एक आहे. नाव काढून घेतलं तरी चार बाईट तसेच राहिले.

बो जॅक्सन

या गेमबद्दल कोणीही बोललं की एक नाव येतंच. लॉस एंजेलिस रेडर्सचा बो जॅक्सन. चेंडू घेऊन पळणाऱ्यांत त्याचा वेगाचा आकडा ७५. तो सुटला की मागून कोणी गाठत नाही. मित्रांमध्ये खेळताना 'रेडर्स घ्यायचे नाहीत' असा नियम करावा लागतो, आम्हीही केलाय.

पण तारखा जुळवून बघा. १३ जानेवारी १९९१ ला सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धच्या सामन्यात खऱ्या बो जॅक्सनच्या खुब्याला दुखापत झाली. नंतर तो बेसबॉल खेळला, अगदी कृत्रिम खुबा बसवून सुद्धा खेळला, पण फुटबॉलच्या मैदानात परत आला नाही. गेम दुकानात आला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. म्हणजे पोरं ज्या बो जॅक्सनला घेऊन पळत होती, त्याचा शेवटचा सामना होऊन अकरा महिने झाले होते.

आज खेळायचं तर

गेमचे चाहते अजून थांबलेले नाहीत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात या गेमची स्पर्धा भरते. काही जण गेमच्या फाईलमधले बाईट बदलून नव्या सीझनचे खेळाडू आणि आजच्या ३२ टीम त्यात घालतात. आता १६ पायऱ्यांचा हिशोब कळल्यावर हे कसं करतात याचा तुम्हाला अंदाज आला असेल.

फोनवर एमुलेटरने असे गेम चालतात, पण कुठून तरी गेमची फाईल उतरवून घेणं हे कॉपीराइटमध्ये बसत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि टचस्क्रीनवर एक अडचण आहेच. दोन खेळाडू भिडले की कबड्डीतल्या पकडीसारखी झटापट होते आणि जो बटण जास्त वेगाने दाबेल तो सुटतो. काचेवर अंगठा आपटून ते नीट होत नाही. ब्लूटूथ कंट्रोलर घ्या.

जुनी खरी कॅसेट हाती आलीच, तर अजून एक गोष्ट. खेळाडूंचे गुण रॉममध्ये आहेत, ते वीज नसली तरी राहतात. पण तुमचा सीझन, म्हणजे कोण जिंकलं, कोणी किती यार्ड पळून काढले, हे ८ केबीच्या वेगळ्या रॅममध्ये लिहिलं जातं, आणि ती रॅम जिवंत ठेवते कॅसेटच्या आतली नाण्याएवढी बॅटरी. बॅटरी संपली की सीझन गेला. ती डाग देऊन बसवलेली असते, त्यामुळे बदलायला सोल्डरिंग येणारा माणूस लागतो, आणि बदलताना जुना सीझन बहुतेक वेळा पुसलाच जातो. बो जॅक्सनचा ७५ मात्र तिथेच असतो.