माहुली ते ठोसेघर, आम्ही तिघी

कोरेगावाहून साताऱ्याला जाताना वाटेत माहुली लागते. एस.टी.च्या खिडकीतून हात जोडायचे आणि पुढे जायचं, ही आमची वर्षानुवर्षांची सवय. यंदा श्रावणात मात्र मी आणि जाऊबाईंनी ठरवलं, एक दिवस फक्त आपला. गाडी मी चालवणार म्हटल्यावर घरात जरा कुजबुज झाली. सासूबाई म्हणाल्या, "मी कशाला? गुडघं दुखत्यात माझं." पण सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन त्याच ओट्यावर बसलेल्या!

दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा थर्मास घेऊन निघालो. पहिला मुक्काम संगम माहुली. इथे कृष्णा आणि वेण्णा भेटतात. विश्वेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ आणि घाट बघत राहावेत असे. महाराणी येसूबाई आणि ताराराणी, दोघींच्या समाध्या याच गावात आहेत. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या, त्या सुटल्या १७१९ मध्ये. तीस वर्षं! मी सांगत होते, पण सासूबाईंचं लक्ष पाण्याकडे होतं. हळूच म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांच्या अस्थी हितंच सोडल्या. बाप्यं आलं हुतं. मला कुणी आणलं न्हाई." एकोणीस वर्षं झाली त्याला. जाऊबाईंनी त्यांचा हात धरला आणि वरच्या पायरीवरूनच त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

तिथून अजिंक्यतारा. गाडी पार दरवाज्याजवळ जाते. १७०० साली मोगलांनी हा गड घेऊन त्याचं नाव आझमतारा ठेवलं होतं. ताराराणीच्या फौजेने तो परत घेतला आणि त्याचा अजिंक्यतारा झाला. नवरा गेला तेव्हा ताराराणी अवघी पंचवीस वर्षांची, कडेवर लहान मूल आणि समोर औरंगजेब. सासूबाई म्हणाल्या, "आन् आपण गॅस संपला तरी घाबरतो!"

दुपारी सज्जनगड. शेवटच्या पायऱ्या बघून आम्ही म्हटलं, "आत्या, तुम्ही खालीच बसा." त्यांनी ऐकलंच नाही. दहा पायऱ्या चढायच्या, बसायचं, पुन्हा दहा. वर समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतलं, पंगतीत प्रसाद घेतला. समर्थांची शिष्या वेणाबाई यांचं वृंदावनही गडावर आहे. बालविधवा असलेल्या या बाईला समर्थांनी उभं राहून कीर्तन करायची परवानगी दिली, तीही त्या काळात. सासूबाई तिथे बराच वेळ टेकून बसल्या.

सज्जनगडाहून ठोसेघरच्या रस्त्याला लागलो आणि धुकं सुरू झालं. वळणावर माझ्या तळहाताला घाम फुटला, पण मागून आवाज आला, "दमानं घे पोरी, घाई न्हाई." तेवढ्याने धीर आला. समोरच्या सज्ज्यातून धबधबा बघितला आणि तिघीही गप्प झालो. पाणी दरीत कोसळताना वाटेतच त्याचा धूर होतो. तुषारांनी पदर ओला झाला तरी सासूबाई हलेनात.

मैत्रिणींनो, जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, म्हणजे सज्जनगडावर प्रसादाची वेळ गाठता येते. पायात पकड असलेल्या चपला हव्यात, शेवाळलेल्या दगडावर साध्या चपला घसरतात. धबधब्याचा कठडा ओलांडू नका, फोटोसाठी तर नकोच. धुक्याआधी परतीला लागा. माहुलीला पाणी चढलेलं असेल तर घाट लांबूनच बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुम्हाला झेपायचं नाही" असं आपणच आधी ठरवू नका.

रात्री सासूबाईंच्या गुडघ्याला तेल चोळत होते. डोळे मिटूनच म्हणाल्या, "चाफळचं रामाचं देऊळ बी लई चांगलं हाय म्हणं. कवा जायाचं?"