पोरगं ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

पोरगं मास्तर झालं, तलाठी झालं, फौजदार झालं की गावाला लगेच कळतं. पण हिंजवडीला किंवा खराडीला ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ म्हणून लागलं म्हटलं, की पारावर पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे करतं काय? घरच्यांना सांगता येत नाही. पहिले दोन-तीन महिने खुद्द पोरालाही नीट सांगता येत नाही. कारण हे काम हाताला दिसत नाही. तो प्रोग्राम लिहीत नाही, माल विकत नाही, हिशोबही ठेवत नाही. ज्याला काम करून हवंय आणि जो ते करून देणार, त्या दोघांच्या मधे तो उभा असतो.

दूध डेअरीवरून हे चटकन समजेल. समजा एका संस्थेच्या सचिवानं सॉफ्टवेअर कंपनीला सांगितलं, “दहा दिवसांचं बिल आपोआप निघालं पाहिजे.” ऐकायला सोपं आहे. आता प्रोग्रामर पुण्यात बसलेला, त्यानं डेअरी पाहिलेली नाही. बिझनेस अ‍ॅनालिस्ट सचिवाकडे जातो आणि विचारायला लागतो. दूध सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येतं का? गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा दर धरतात, मग फॅट त्याच्या खाली गेली तर पॉइंटमागे किती कापायचे? लाईट गेली आणि मशीन बंद पडलं तर लिटरचा आकडा हातानं कोण लिहिणार, आणि तो नंतर कोण बदलू शकणार? पशुखाद्याची उचल बिलापेक्षा जास्त झाली तर उरलेली रक्कम पुढच्या बिलात ओढायची की थोडी-थोडी कापायची? खातं बापाच्या नावावर आणि दूध घालतो पोरगा, तर पावती कोणाच्या नावानं?

यातला एकही मुद्दा सचिवानं आपणहून सांगितलेला नसतो. त्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं असतं हेच सुचत नाही. आणि विचारलंच नाही तर काय होतं? सॉफ्टवेअर तयार होतं, पहिलंच बिल निघतं आणि उचल जास्त असलेल्या माणसाचं बिल वजा आकड्यात दिसतं. तो माणूस डेअरीच्या दारात येऊन बोलतो ते वेगळंच. नंतर दुरुस्ती करायला वेळही जातो, पैसाही जातो. तो घोळ आधीच हेरायचा, यासाठी या माणसाला पगार असतो. बँक, विमा, दवाखाना, मालवाहतूक, कुठलाही धंदा घ्या, कामाची रीत हीच.

विचारून झालं की लिहायचं. याला कंपनीत रिक्वायरमेंट म्हणतात. इथं नवी पोरं अडखळतात. “बिल लवकर निघावं” असं लिहून भागत नाही. लवकर म्हणजे किती? “बटण दाबल्यावर दहा सेकंदांत २०० सभासदांची बिलं तयार व्हावीत” असं लिहिलं तर प्रोग्रामरला कळतं आणि नंतर तपासताही येतं. ‘सोपं’, ‘चांगलं’, ‘शक्यतो’ हे शब्द या कागदात चालत नाहीत. शेवटी सॉफ्टवेअर तयार झालं की ज्याला ते वापरायचंय त्याला, म्हणजे डेअरीच्या क्लार्कला, समोर बसवून तपासून घ्यायचं. त्याला यूएटी म्हणतात.

पहिल्या महिन्यात काय होतं

बहुतेक ठिकाणी पहिले काही आठवडे हातात काम नसतं. जुने कागद वाचा, मीटिंगला बसा, ऐका. रोज सकाळी पंधरा मिनिटांची ‘स्टँड-अप’ मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं, एवढंच सांगायचं. पोरगं घरी फोनवर म्हणतं, “दिवसभर मीटिंगच होती,” आणि आईला वाटतं पोराला कोणी कामच देत नाही. तसं नसतं. ऐकणं हेच काम असतं.

मीटिंग संपली की तिचा वृत्तांत लिहायचं काम बहुतेक वेळा नव्याच्याच गळ्यात पडतं. यात कमीपणा मानू नये. ग्रामसभेचं इतिवृत्त ज्यानं पाहिलंय त्याला हे जमतं: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. त्याच दिवशी मेल टाकायचा. महिन्याभरानं कोणी “असं ठरलंच नव्हतं” म्हणालं तर तोच कागद उपयोगी पडतो. ग्रामसेवकाला हे सांगायला नको.

गावाकडच्या पोरांना इंग्रजीची भीती असते, ती अगदीच खोटी नाही. ग्राहक परदेशातला असला तर बोलावं लागतंच. पण जास्त नुकसान इंग्रजीनं होत नाही, न समजता “येस सर” म्हटल्यानं होतं. “मला समजलं ते असं, बरोबर आहे का?” हे वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं तरी समोरचा नाराज होत नाही. आणि वरिष्ठाला न विचारता ग्राहकाला तारीख द्यायची नाही. तारीख प्रोग्रामरच्या कामावर ठरते, आपल्या भिडेवर नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर बीकॉम, बीसीए, इंजिनिअरिंग, एमबीए, कृषी पदवी, सगळीकडची पोरं यात दिसतात. फक्त बारावीवर ही जागा सहसा मिळत नाही. एक्सेलमधलं पिव्हट टेबल आणि व्हीलूकअप, डेटा काढायला थोडं एसक्यूएल आणि कामाचा ओघ चित्रानं दाखवायचा फ्लोचार्ट, एवढं आलं तर सुरुवातीला पुष्कळ. स्वयम आणि एनपीटीईएलवर फुकट शिकता येतं. मात्र एक्सेल मोबाइलवर येत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरसमोरच बसावं लागतं. आयआयबीए या संस्थेची ईसीबीए नावाची परीक्षा नवख्यांसाठी आहे. पण पहिल्या नोकरीसाठी तिच्यावर कर्ज काढून खर्च करावा, असं काही नाही.

पदाच्या नावावर जाऊ नये. काही ठिकाणी ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ म्हणून घेतात आणि दिवसभर एक्सेलचे रिपोर्ट काढायला बसवतात. ते वाईट नाही, पण वेगळं काम आहे. ‘बिझनेस डेव्हलपमेंट’ म्हणजे तर बहुतेक वेळा फोन करून गिऱ्हाईक गोळा करणं. मुलाखतीतच विचारावं: दिवसभर माझं काम काय असेल?

पॅकेज आणि हातातला पगार

घरोघरी वाद होतो तो इथं. समजा ऑफर लेटरवर वर्षाचं पॅकेज ४ लाख २० हजार आहे. घरचे १२ नं भागतात आणि ३५ हजार धरून चालतात, ट्रॅक्टरचा हप्ताही त्यावर ठरवून टाकतात. आता कागद नीट वाचू. त्यात दहा टक्के ‘व्हेरिएबल’ असेल तर महिन्याचे ३,५०० बाजूला गेले, ते कामगिरीवर आणि बहुधा वर्षाअखेर. मूळ पगार १७,५०० धरला तर ग्रॅच्युइटीचे सुमारे ८४२ पॅकेजमध्ये मोजलेले असतात, पण ती साधारणपणे सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर मिळते. पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर कापला तर कंपनीच्या वाट्याचे १,८०० आणि पोराच्या वाट्याचे १,८००. वर राज्याचा व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हातात उरले २६,८५८. विम्याचा हप्ता कापला तर आणखी कमी. पीएफ आपलाच आहे, बुडत नाही, पण तो हप्त्याला कामी येत नाही. खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस आणि बस यातूनच जायची आहे. तेव्हा पोरगं “पैसे उरत नाहीत” म्हणालं तर ते उधळतंय असं लगेच समजू नये.

कागदपत्रांत नाव जुळणं फार महत्त्वाचं. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नावच नाही, असं सर्रास असतं. कंपनी नाव, शिक्षण, जुनी नोकरी सगळं तपासते आणि पीएफचा यूएएन नंबर आधारवरच्या नावाशी जोडलेला असतो. आडनावाच्या स्पेलिंगमधली चूक रुजू होण्याआधी दुरुस्त केलेली बरी. यूएएन एकच असतो. नोकरी बदलली तरी तोच द्यायचा. अनुभवाचं खोटं पत्र विकत देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. तपासणीत सापडलं तर लागलेली नोकरी जाते.

नोकरीसाठी ‘डिपॉझिट’, ‘लॅपटॉपचे पैसे’, ‘ट्रेनिंग फी’ मागणारा कॉल किंवा मेल आला तर पैसे टाकू नयेत, मग लेटरहेड कितीही झकास असो. टाकले गेलेच तर लगेच १९३० नंबरला फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी. मूळ मार्कशीट कुणाकडे जमा ठेवू नये; दाखवावी, झेरॉक्स द्यावी, परत घ्यावी. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि सोडल्यास किती रक्कम, हे सहीच्या आधी वाचावं. नोटीस पिरियड किती, तेही बघावं. तीन महिन्यांचा असेल तर दुसरी नोकरी मिळाली तरी लगेच निघता येत नाही.

रुजू होण्याची तारीख महिन्याच्या वीस-पंचवीसच्या पुढे असेल तर त्या दिवसांचा पगार कित्येकदा पुढच्या महिन्याच्या पगारात येतो. म्हणजे पहिला पैसा हातात यायला चाळीस दिवसही लागू शकतात. तेवढे दिवस पुण्यात निघतील इतकी रक्कम, खोलीच्या डिपॉझिटसकट, पोराला देऊनच एसटीत बसवावं.